बाटलीतली बेरी आणि बांधावरचं बोर

मैत्रिणींनो, गेल्या काही वर्षांत गावोगावी एक बाटली फिरते आहे. कुणी तिला नोनी ज्यूस म्हणतं, कुणी गोजी, तर कुणी मिक्स बेरी. विकायला येते ती बहुतेक वेळा ओळखीचीच बाई असते. नात्यातली, शेजारची, कधी आपल्याच गटातली. "शुगर जाते, बीपी उतरतं, गुडघे दुखायचे थांबतात, अंगात रक्त भरतं," असं ती सांगते. बाटलीची किंमत हजाराच्या घरात. त्यासाठी कुणी गटातून अंतर्गत कर्ज मागितलं, तर निर्णय आपल्यालाच घ्यायचा आहे. म्हणून या बाटलीत काय असतं, ते नीट समजून घेऊ.

ही फळं कोणती?

नोनी काही परकी नाही. आपल्याकडची बारतोंडी ती हीच. तिच्या मुळांपासून पूर्वी कापडाला लाल रंग देत. गोजी चीनमधली, आसाई ब्राझीलच्या जंगलातली आणि सी-बकथॉर्न आपल्या लडाखमधलं. फळं म्हणून ती चांगलीच आहेत. पण 'सुपरफूड' हा शब्द डॉक्टरांचा नाही, कायद्यातलाही नाही. तो विक्रीसाठी काढलेला शब्द आहे.

'अँटिऑक्सिडंट'चं काय?

आपल्या शरीरात काही घटक पेशींना इजा करतात. त्यांना आवरणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ते आवळा, पेरू, जांभूळ, करवंद, पालेभाज्या अशा कितीतरी पदार्थांत असतात. बाटलीवर मोठा आकडा छापलेला असतो, तो काचेच्या नळीत मोजलेला. पोटात गेल्यावर तसंच घडतं असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा तक्ता लोकांसाठी ठेवला होता. या आकड्यांवरून शरीरावरचा परिणाम कळत नाही आणि कंपन्या जाहिरातीसाठी त्यांचा गैरवापर करतात, म्हणून २०१२ साली त्यांनी तो काढून टाकला.

नोनीच्या बाबतीत तर १९९८ मध्येच अमेरिकेतल्या काही राज्यांनी एका कंपनीला आजार बरे करण्याचे दावे थांबवायला लावले होते, कारण त्यामागे पुरावा नव्हता.

मग "मला फरक पडला" असं बायका का म्हणतात? त्या खोटं बोलत नाहीत. पण बाटली सुरू करताना बाई चहातली साखर कमी करते, सकाळी चालायला लागते, गोळ्याही चालू असतात. शिवाय दुखणं कमी-जास्त होतच असतं. श्रेय मात्र बाटलीला मिळतं.

जपून राहायचं ते कुठे?

सगळ्यात मोठा धोका गोळ्या बंद करण्याचा. ज्यूसवर भरवसा ठेवून शुगरची किंवा बीपीची गोळी सोडली, तर त्रास आतल्या आत वाढतो आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

नोनीच्या रसात पोटॅशियम बरंच असतं. किडनीचा आजार असलेल्यांच्या रक्तात ते साठून हृदयाला धोका होऊ शकतो. गोजीमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरीन गोळीचा परिणाम वाढल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. काही ज्यूसमध्ये साखर घातलेली असते, ती शुगरवाल्यांना चालत नाही. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नये.

हिशेब मांडू

समजा, १ लिटरची बाटली १,००० रुपयांना आहे आणि रोज ३० मिली घ्यायचं आहे. म्हणजे महिन्याभरात बाटली संपणार आणि रोजचे ३० रुपये जाणार. एवढ्यात घरात एक अंडं, एक पेरू आणि मूठभर शेंगदाणे येतात.

बाईला दिवसाला ६५ मिलीग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. एका मोठ्या आवळ्यात तेवढं मिळतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही रसापेक्षा अख्खं फळ खा असंच सांगते, कारण रस काढताना चोथा जातो.

आणि अंगात रक्त कमी असेल तर? महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना हा त्रास आहे. त्यासाठी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका.

कायदा काय म्हणतो?

बाटलीवरचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक म्हणजे अन्न बनवण्या-विकण्याचा परवाना. त्याने आजार बरा होण्याची हमी मिळत नाही. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब असे आजार बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. "चार जणी जोड, तुला कमिशन" अशा पिरॅमिड योजनेला २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पावती मात्र जपून ठेवा.

हे नियम आपल्यालाही लागू आहेत बरं का! आपले गट जांभळाचा रस, आवळा कँडी, करवंदाचं सरबत करतात. "मधुमेहावर रामबाण" असं लेबलवर छापू नका. "स्वच्छ, ताजं, आपल्या गावच्या फळांचं" एवढं खरं लिहिलं तरी पुरे. खऱ्यावर गिऱ्हाईक टिकतं.

पुढच्या बैठकीत कुणी बाटली घेऊन आलं, तर हे विचारा:

१. लेबलवर पहिलं नाव कशाचं आहे? जो घटक सगळ्यात जास्त, तो आधी लिहावा लागतो. पहिलं नाव पाणी, साखर किंवा सफरचंदाचा रस असेल, तर बेरी किती ते समजून घ्या.
२. साखर किती ग्रॅम आहे?
३. आजार बरा होईल असं कंपनी लेखी देते का?
४. पक्की पावती मिळेल का?
५. विकणारीची कमाई बाटलीवर आहे की नव्या बायका जोडण्यावर?

विकायला आलेल्या ताईचा अपमान करू नका. तिनेही पैसे गुंतवलेले असतील, कदाचित कर्ज काढून. तिला शेजारी बसवा आणि लेबल तिच्यासोबतच वाचा.