चहाचा तुरटपणा येतो उन्हातून

चहा कडक झाला की आपण पावडरीला शाबासकी देतो. पण त्या पावडरीतला तुरटपणा कारखान्यात घातलेला नसतो. चहाच्या झाडाने तो उन्हात उभे राहून स्वतः कमावलेला असतो.

मळ्यात एक कळी आणि दोन पाने असा कोवळा शेंडा खुडतात. हा शेंडा वाळवला, तर त्याच्या १०० भागांत २० ते ३० भाग कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये असू शकतात. ही फ्लॅव्होनॉइडच्या मोठ्या कुळातली. उन्हातल्या अतिनील किरणांपासून पानाला जपायला हे कूळ झाडाच्या उपयोगी पडते.

पानाच्या पेशीत जनुके असतात. कोणता पदार्थ कसा करायचा, याच्या त्या जणू चिठ्ठ्याच. प्रकाश पडला की फ्लॅव्होनॉइडच्या चिठ्ठ्या उघडतात. त्याच उन्हात पान साखर तयार करते. ही साखर त्या द्रव्यांचा कच्चा माल तर होतेच, शिवाय कोठार भरल्याची वर्दीही पेशीला देते. मग काम आणखी जोरात चालते. थोडक्यात, ऊन हुकूम सोडते आणि साखर शिधा पुरवते.

जपानी शेतकऱ्यांनी हे अनुभवाने हेरले. क्योतोजवळच्या उजी भागात ग्योकुरो चहासाठी खुडणीआधी सुमारे तीन आठवडे झाडांवर सावली धरतात. पूर्वी चटया व पेंढा घालीत, आता बहुधा काळे कापड ताणतात. सावलीत तुरटपणा घटतो. मुळांतून वर आलेले थिअनिन उन्हात मोडते, ते सावलीत टिकते. म्हणून हा चहा गोडसर लागतो.

आसामच्या काळ्या चहाला मात्र कॅटेचिने हवीच. पान चुरडून हवा लागली की त्यांचीच तांबूस द्रव्ये होतात. कपातला रंग आणि कडकपणा त्यांचाच. तिथे शिरीषाची सावली ठेवतात ती विरळ, पान फार तापू नये एवढीच.

आपल्या काळ्या द्राक्षांचा रंगही याच कुळातला. मण्यात साखर भरू लागली की रंग चढतो. दाट पानांत दडलेला घड फिका राहण्याची भीती असते. म्हणून त्या सुमारास घडाजवळची दाटी थोडी थोडी कमी करावी. दुपारचे ऊन थेट येते त्या बाजूची पाने मात्र राखावीत. एकदम उघडा केलेला घड रंगण्याऐवजी भाजतो.