जुनी कॅम्पर व्हॅन : ठेवावी की विकावी?

चढावर धापा टाकणाऱ्या आणि महामार्गावर मालमोटारींच्या रांगेत सापडणाऱ्या जुन्या कॅम्पर व्हॅन युरोपातील अनेक कुटुंबांनी आजही सांभाळल्या आहेत. अशा गाडीला निरोप द्यावा की तिला जपावे, याचे उत्तर बहुतेक जण इंजिनाच्या ताकदीत शोधतात. प्रत्यक्षात ते गाडीच्या पत्र्यात आणि मालकाच्या दिनदर्शिकेत दडलेले असते.

उन्हाळी सुटी लागली की जर्मनीतून आल्प्स ओलांडून इटलीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांची रीघ लागते. या गर्दीत चौकोनी चेहऱ्याची एक जुनी गाडी अजूनही नजरेस पडते. फोक्सवॅगन कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणलेली ही ट्रान्सपोर्टर मालिकेतील तिसरी पिढी. वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात वर उचलता येणारे छप्पर, झोपण्याची सोय, शेगडी आणि पाण्याची टाकी बसविली आणि मालवाहू गाडीचे चालते-फिरते घर झाले. आपल्याकडील वाचकांना या जातीची गाडी अगदीच अपरिचित नाही. पुण्याच्या बजाज टेम्पोने बनविलेल्या मॅटाडोरचे मूळही जर्मनीतलेच. त्या मूळ जर्मन मॅटाडोरला १९४९ मध्ये फोक्सवॅगनचेच २५ अश्वशक्तीचे इंजिन बसविलेले होते.

ताकद किती, ओझे किती?

या कॅम्परला १९८१ पासून १.६ लिटरचे डिझेल इंजिनही मिळू लागले. हे इंजिन मुळात गोल्फ या छोट्या मोटारीचे. त्याची ताकद ५० अश्वशक्ती. आणि माणसे, पाणी, भांडीकुंडी भरल्यावर गाडीचे वजन दोन टनांच्या घरात. तुलनेसाठी आपली मारुती ८०० घ्या. तिला सुमारे ३७ अश्वशक्तीचे इंजिन ६५० किलोंच्या आसपासचे वजन ओढण्यासाठी होते. म्हणजेच दर टनामागे मारुतीला जेवढी ताकद मिळे, त्याच्या निम्मीही या कॅम्परच्या वाट्याला येत नाही.

याचा परिणाम साध्या गणिताने समजतो. सपाट रस्त्यावर ताशी ११० कि.मी. वेग राखायचा तर केवळ हवेचा विरोध आणि चाकांचे घर्षण यांवरच सुमारे ४० अश्वशक्ती खर्ची पडते. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचताना काही अंशी घटत असल्याने हीच या गाडीची कमाल मर्यादा ठरते. सहा टक्क्यांच्या चढावर, म्हणजे दर १०० मीटरला ६ मीटर वर जाताना, ताशी ६० कि.मी. वेगासाठी सुमारे ३७ अश्वशक्ती लागते, ८० कि.मी.साठी पन्नासाहूनही अधिक. त्यातच उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी उतरते. १,३७० मीटर उंचीच्या ब्रेनर खिंडीकडे जाताना ही गाडी मालमोटारींच्या मागे का रांगते, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु या रांगण्याची खरी किंमत किती? तीस कि.मी.चा चढ ताशी ९० ऐवजी ५५ कि.मी.ने चढला तर तेरा मिनिटांचा फरक पडतो. आठशे कि.मी.चा सपाट प्रवास १२० ऐवजी ९० च्या वेगाने केल्यास सव्वादोन तास अधिक लागतात. चढावर जीव खालीवर होतो. पण दिवस लांबतो तो सपाटीवरच्या वेगामुळे. ज्यांची सुटी दोन-चार दिवसांची, त्यांना हे सव्वादोन तास जड वाटतात. ज्यांच्या हाती तीन आठवडे आहेत, त्यांना ते जाणवतही नाहीत.

दुबळी की थकलेली?

मूळची दुबळी गाडी आणि देखभालीअभावी दुबळी झालेली गाडी, यांतला भेद प्रथम ओळखला पाहिजे. कोंदलेला हवेचा फिल्टर, झिजलेले नोझल, डिझेल पंपाची चुकलेली वेळ, पूर्ण न सुटणारे ब्रेक किंवा टायरमधील कमी हवा यांपैकी एकेक दोष थोडीथोडी ताकद गिळत असतो. म्हणून निर्णयापूर्वी मेकॅनिककडून सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा आणि शीतकरण यंत्रणा तपासून घ्यावी. या गाडीचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असल्याने पाण्याच्या लांब नळ्या तळाखालून जातात. त्या गळू लागल्या आणि चालकाने चढावर ॲक्सिलरेटर दाबूनच धरला, तर हेड गॅस्केट जाण्यास वेळ लागत नाही.

मात्र इंजिनापेक्षाही अधिक बारकाईने पाहावे ते पत्र्याकडे. या पिढीच्या गाड्यांत पत्र्याच्या जोडांमधील भराव काळाच्या ओघात आकसतो, तेथे पाणी शिरते आणि गंज आतून पसरतो. खिडक्यांच्या कडा, पुढच्या काचेची चौकट, स्वयंपाकाच्या कपाटामागील भाग आणि आसनाखालील बॅटरीची जागा ही त्याची नेहमीची ठिकाणे. दमलेले इंजिन काढून दुसरे बसविता येते. आतून पोखरलेला सांगाडा दुरुस्त करणे मात्र अनेकदा गाडीच्या किमतीलाही पुरून उरते.

इंजिन बदलण्याचा मोह

ताकद वाढविण्याचे मार्ग आहेत. याच मालिकेत पुढे आलेले ७० अश्वशक्तीचे टर्बो डिझेल किंवा नंतरच्या काळातील टीडीआय इंजिन बसविणारे अनेक जण आहेत. अमेरिकेत सुबारूचे इंजिन लोकप्रिय आहे. परंतु इंजिनापाठोपाठ गिअर, ब्रेक आणि शीतकरण यांचाही विचार करावा लागतो आणि जर्मनीत असा बदल अधिकृत तपासनिसाकडून मंजूर करून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो.

येथे कायद्याचा एक पेच आहे. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची खास पाटी मिळते. तिच्यामुळे वार्षिक कर १९१.७३ युरो इतकाच राहतो आणि जुन्या डिझेल गाड्यांना मज्जाव असलेल्या शहरी पर्यावरण क्षेत्रांतही प्रवेश मिळतो. त्या काळाशी विसंगत इंजिन बसविल्यास ही पाटी हातची जाण्याची शक्यता असते. ताकद मिळविताना शहराचे दार बंद होणार नाही ना, हे आधीच विचारून घेणे शहाणपणाचे.

रात्रींचा हिशेब

भावना बाजूला ठेवून एक हिशेब मांडता येतो. विमा, कर, जागेचे भाडे, तपासणी आणि दुरुस्ती असा वर्षाचा खर्च काढावा आणि त्याला गाडीत प्रत्यक्ष घालविलेल्या रात्रींनी भागावे. समजा, हा खर्च २,४०० युरो आहे. वर्षाला चाळीस रात्री होत असतील तर एक रात्र ६० युरोंना पडते. बाराच होत असतील तर २०० युरोंना. दुसऱ्या स्थितीत हवी तेव्हा नवी कॅम्पर भाड्याने घेण्याचा पर्याय गांभीर्याने तपासावा. रात्री मोजताना पुढच्या वर्षीचे संकल्प धरू नयेत. गेल्या तीन वर्षांची सरासरी घ्यावी.

या हिशेबात न मावणारी बाब सुरक्षिततेची. या गाडीत एअरबॅग नाहीत आणि चालक पुढच्या चाकांच्याही वर, अगदी टोकाला बसतो. जुन्या गाड्यांत मागच्या आसनांना खांद्यावरून येणारा पट्टा असेलच असे नाही. घरात लहान मुले असतील तर हा मुद्दा इंजिनाच्या ताकदीहून मोठा आहे.

तेव्हा निष्कर्ष काय? पत्रा धडधाकट आहे, रात्री भरपूर होतात आणि घाईचे वेळापत्रक नाही, तर केवळ चढावर दमते म्हणून गाडी विकू नये. तिच्या वेगाने मार्ग आखावा. उलट, पत्रा पोखरला असेल आणि गाडी वर्षातील अकरा महिने ताडपत्रीखाली असेल, तर नवे इंजिन घालूनही ती रस्त्यावर येणार नाही. अशी गाडी हिवाळ्यात ठेवून आणखी गंजू देण्यापेक्षा वसंताच्या प्रारंभी, नवी तपासणी करून आणि दोष लपवून न ठेवता विकावी. सहलींची आखणी याच सुमारास सुरू होत असल्याने तेव्हा गिऱ्हाइकेही अधिक असतात. आठवणी गाडीबरोबर जात नाहीत. गाडी मात्र वापरणाऱ्याच्या हाती गेली तर अजून काही वर्षे चालते.