ठिपके गेले, रोग राहिला

गोडादऱ्याला समुद्र नाही. तो आहे तिकडे डुमसला, आणि तोही तापीच्या गाळाने इतका गढूळ की त्यात हात बुडविला तर बोटे दिसावयाची नाहीत. आमच्या वस्तीत दिसतात त्या खानदेशातून आलेल्या कुटुंबांच्या अरुंद घरांच्या रांगा, साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो आणि रात्रंदिवस चालणारी भरतकामाची यंत्रे. अशा ठिकाणी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या बाहेरच्या खोलीत दोनशे लिटरची काचपेटी मांडून तीत खारे पाणी भरले आणि समुद्राचा एक तुकडा जिवंत ठेवला, याचे मला प्रथम कौतुक वाटले व मागाहून काळजी.

या वेडाला थोडासा मीही जबाबदार आहे. सुरत महानगरपालिकेने पाल भागात उभारलेले जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ साली खुले झाले, तेव्हा आमच्या शाळेची सहल तेथे गेली होती. इतर मुले शार्क पाहण्यासाठी धावली. हा मुलगा मात्र एका लहानशा काचेपुढून हलेना. पुढे तो भरतकामाची नक्षी संगणकावर काढण्याच्या कामाला लागला, चार पैसे मिळू लागले, आणि त्याने पेटी घेतली. तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशांची एक जोडी होती, तिला आसरा देणारे एक समुद्रफूल होते आणि इतर माशांच्या अंगावरील कीड वेचून खाणारी एक कोळंबी होती. खरे प्रवाळ त्याने ठेवले नव्हते. आपल्या समुद्रातील प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हे त्याला ठाऊक होते, याचे मला बरे वाटले.

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याने निळ्या रंगाचा एक टँग मासा आणला आणि पिशवीचे पाणी जरा जुळवून घेऊन सरळ पेटीत सोडला. मासा देखणा होता व खातही होता. दहाव्या दिवशी त्याच्या परांवर मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागले. मुलाने मला बोलाविले, कारण शाळेच्या व्हरांड्यात मी गेली वीस वर्षे गप्पी आणि मोली पाळीत आलो आहे व माशांतले मला कळते असा त्याचा समज होता. माझाही तसाच समज होता. गोड्या पाण्यातील माशांना असे ठिपके आले की पाणी थोडे गरम करावे व त्यात मीठ टाकावे, हा उपाय मी अनेकदा केलेला. मीठ तर येथे आधीच होते. म्हणून मी अधिकारवाणीने सांगितले, "पाणी तीस अंशांवर ने, चार दिवसांत अंग स्वच्छ होईल."

चौथ्या दिवशी अंग खरोखरच स्वच्छ झाले. त्याच्या आईने मला चहा पाजला. त्यानंतर दहा दिवसांनी ठिपके परतले ते दसपटीने, आणि या खेपेस क्लाउनच्या जोडीवरही. टँग पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेटीच्या तळाशी आडवा पडलेला आढळला.

माझी चूक कोठे झाली हे मी नंतर वाचून समजून घेतले, व ते येथे सविस्तर सांगावेसे वाटते. कारण खाऱ्या पाण्याच्या माशांच्या मृत्यूंपैकी पुष्कळ याच एका गैरसमजातून घडतात. गोड्या पाण्यातील ठिपक्यांचा जंतू आणि समुद्रातील ठिपक्यांचा जंतू दिसावयास भाऊ वाटले तरी एक नव्हेत. समुद्रातल्याला शास्त्रज्ञ क्रिप्टोकॅरिऑन म्हणतात. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीखाली व कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस पोट भरतो. आपल्याला दिसणारा ठिपका तो हाच. पोट भरले की तो आपण होऊन मासा सोडतो, तळाच्या वाळूवर वा दगडावर उतरतो आणि स्वतःभोवती कवच करून बसतो. त्या कवचात त्याचे विभाजन होत राहते व एकाची संख्या शेकड्यांवर जाते. कोणाला तीन दिवस लागतात, कोणाला आठ, आणि थंड पाण्यात एखाद्याला दोन महिन्यांहून अधिक. मग कवच फुटून ती पिलावळ पोहत बाहेर पडते, आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरते.

म्हणजे चौथ्या दिवशी ठिपके गेले ते रोग बरा झाला म्हणून नव्हे, तर रोग्याचे अंग सोडून रोग घराच्या जमिनीत गेला होता म्हणून. गरम पाण्याने जंतू मेला नाही. त्याचे चक्र मात्र वेगाने फिरले. शिवाय पाणी जितके गरम तितका त्यातील प्राणवायू कमी, आणि कल्ले आधीच पोखरलेले. टँग माझ्या उपायाने मेला असे मी म्हणत नाही, परंतु माझ्या उपायाने तो वाचला तर नाहीच.

आता प्रश्न जोडीचा होता. या जंतूवर जुना व खात्रीचा उपाय तांब्याचा. आपल्या द्राक्ष बागाईतदारांच्या परिचयाचे जे मोरचूद, त्यातील तांबे पाण्यात पोहणाऱ्या पिलावळीला मारते. कातडीखाली बसलेल्याला वा कवचातल्याला ते शिवत नाही, म्हणूनच ते आठवड्यांमागून आठवडे पाण्यात टिकवावे लागते. पण हेच तांबे कोळंबीला, समुद्रफुलाला, शंखशिंपल्यांना विष आहे, आणि चुनखडीचे दगड व वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातले प्रमाण कधीच स्थिर राहत नाही. सबब औषध मोठ्या पेटीत घालताच येत नाही. रोग्याला बाहेर काढून वेगळ्या पेटीत न्यावे लागते.

आम्ही ऐंशी लिटरची एक साधी पेटी करून घेतली. तीत वाळू नाही, दगड नाही, झाड नाही. लपण्यासाठी प्लंबरकडून आणलेले पाइपचे दोन तुकडे, हवेवर चालणारा स्पंजाचा फिल्टर, एक हीटर, एक तापमापक. पाहणाऱ्याला ती सजा वाटावी इतकी उघडीवाघडी. परंतु इस्पितळाची खोली अशीच असते. ऐंशी लिटरांना लिटरमागे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने दोन किलो आठशे ग्रॅम समुद्री मीठ लागले. हे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. यात मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे क्षार समुद्राच्या प्रमाणात मिसळलेले असतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी काढून टाकावा लागतो, हे गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांना सांगावयास नकोच.

तांब्याची मात्रा हा या साऱ्या प्रकरणातला नाजूक भाग. साध्या स्वरूपातील तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम या पट्ट्यातच राहिले पाहिजे. त्याखाली गेले तर जंतू जगतो, फार वर गेले तर मासा मरतो. ऐंशी लिटरांना यासाठी जे मोरचूद लागेल ते पासष्ट मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. चिमटीत धरू म्हटले तरी धरता यावयाचे नाही. म्हणून घरी पुडी बांधून शहाणपण करू नये. तयार द्रावण घ्यावे, त्याच औषधासाठी असलेला चाचणीसंच घ्यावा, आणि बाटलीवरचा आकडा वाचावा. कारण काही द्रावणांत तांबे दुसऱ्या पदार्थाशी बांधलेले असते व त्याची मात्रा याच्या जवळजवळ दसपट असते. दोन्हींची गल्लत झाली की शेवट ठरलेला. आम्ही पूर्ण मात्रेला दोन दिवसांत हळूहळू पोहोचलो आणि रोज रात्री दहाला मोजणी केली. तो मुलगा कामावरून यावयाचा, मी घरून निघावयाचा. वहीत तारीख, तांबे, अमोनिया, तापमान, मासे जेवले की नाही, असे रकाने आखले होते. शाळेच्या हजेरीपटाइतकी नीट वही मी बऱ्याच वर्षांत ठेवली नव्हती.

औषधापेक्षा अमोनियानेच आम्हांला अधिक छळले. माशांच्या उत्सर्गातून तो होतो. मोठ्या पेटीत त्याचा फडशा पाडणारे जीवाणू दगडा-वाळूत असतात, येथे ते नव्हते, आणि तांब्याने त्यांची वाढही मंदावते. पहिले दहा दिवस आम्ही रोज सोळा लिटर पाणी बदलले. नव्या पाण्यात तितकेच मीठ, तितकेच तांबे. बादल्या उचलताना त्याची आई दारात उभी राहून पाहत असे. एके रात्री ती म्हणाली, "गुरुजी, मासाले बी दवाखाना र्‍हास का?" मी हो म्हटले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग १९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा आपण कडेवर लेकरू घेऊन भुसावळच्या गाडीत कशा चढलो, गावाच्या वेशीवर लोकांनी कसे अडविले, हे सांगू लागली. "आमी तं धडधाकट व्हतू," असे ती दोनदा म्हणाली. मलाही ते दिवस आठवतात. स्टेशनावरची ती गर्दी मी पाहिली आहे. त्या गर्दीतला प्रत्येकजण आपल्यापुरता धडधाकटच होता.

वेगळे ठेवण्याची रीत अर्थात त्याहून कितीतरी जुनी. आजच्या दुब्रोवनिक बंदराने १३७७ साली रोगट मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे व्हेनिसकडे तीसांचे चाळीस झाले, आणि त्या चाळिसासाठीच्या इटालियन शब्दावरूनच २०२० साली आपल्या घराघरांत पोहोचलेला क्वारंटाईन हा शब्द आला. दिवस मोजावे लागतात ते डोळ्यांना रोग दिसत नाही म्हणून.

तांब्यावाचून करावयाचे असेल तर आणखी दोन वाटा आहेत. एक, दोन पेट्या घेऊन मासा दर बहात्तर तासांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या पेटीत हलवावयाचा, असे चार वेळा. कवचे फुटण्यापूर्वीच मासा पुढे निघून जातो. यात औषध नाही, पण मीठ पुष्कळ जाते. दुसरी, इस्पितळातील पाण्याचा खारेपणा निम्म्याच्याही खाली, विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत, उतरवून काही आठवडे तेथेच ठेवावयाचा. बहुतेक मासे ते सोसतात, जंतूची कवचे सोसत नाहीत. परंतु खारेपणा मोजण्याचे साधन अचूक नसेल तर या वाटेला जाऊ नये. आणि अंगावर बारीक सोनेरी-करडी धूळ बसल्यासारखी दिसली, मासा काही तासांतच धापा टाकू लागला, तर तो बहुधा वेगळा व अधिक घातक रोग समजावा. तेथे वाट पाहण्यास वेळ नसतो.

जोडीने पाचव्या दिवशी पहिला घास घेतला. तेराव्या दिवशी अंगावर एकही ठिपका नव्हता. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "नाही." तांबे तीस दिवस चालू ठेवले, त्यानंतर ते काढून मासे तेथेच राहिले. मोठी पेटी शहात्तर दिवस माशांवाचून ठेवली. कवचातला सर्वांत आळशी जंतूही तोवर बाहेर येऊन उपाशी मरावा, असा तो हिशेब. त्या अवधीत कोळंबी आणि समुद्रफूल एकटीच नांदत होती. रिकाम्या पेटीला दिवा आणि वीज कशाला, असे शेजारी विचारीत, आणि महिनाअखेरीस मुलाच्याही मनात तसे येत असावे.

नव्या माशासाठी हे सारे आधीच केले असते तर? चार-सहा आठवडे वेगळ्या पेटीत, एवढेच. यातले बरेच मासे समुद्रातून पकडलेले असतात आणि पिशव्यांतून, टाक्यांतून, हातांमागून हात करीत आपल्या दारी येतात. वाटेत कोणाकोणाचे पाणी त्यांना लागले हे सांगणारा कोणी नसतो. क्लाउनची पैदास आता बंदिस्त पाण्यातही होते. नवी मुंबईत ऐरोलीलाही अशा शोभिवंत समुद्री माशांचे उबवणी केंद्र आहे. तेथे जन्मलेला मासा निवडता आला तर तो घ्यावा. मात्र त्यालाही वेगळी पेटी चुकत नाही.

सत्त्याहत्तराव्या दिवशी जोडी परत गेली. इतके दिवस दूर राहिल्याने समुद्रफुलाच्या दंशाची त्यांची सवय मोडली असावी. मोठी मादी (या जातीत थोरली तेवढी मादी, बाकी सारे नर) त्याच्या टोकांना जरा अंग लावी, झटकन मागे सरे, पुन्हा जाई. संध्याकाळपर्यंत ती आत शिरली. नर दुसऱ्या दिवशी.

या महिन्यात त्याने एक पिवळा मासा आणला आहे. तो जिन्याखाली, ऐंशी लिटरांच्या उघड्यावाघड्या पेटीत, पाइपच्या तुकड्यात तोंड खुपसून बसला आहे. आज त्याचा अकरावा दिवस. अंगावर काही नाही. वही पुन्हा काढली आहे, आणि रकाने या वेळी त्याच्या आईने आखले आहेत.