धान्याच्या पोत्यांसाठी बाभळीची घडवंची



गळीत संपता संपता घरात ज्वारी-गहू येतो. वर्षाची बेगमी पोत्यांत भरून आपण भिंतीला लावून जमिनीवरच थप्पी मारतो. श्रावणात खालचं पोतं ओढलं की तळ काळा पडलेला, दाण्यांचे गोळे झालेले, टोके लागलेले. वरची पोती मात्र चांगली! म्हणजे दोष धान्याचा नाही, जागेचा आहे. जमिनीची ओल वर चढते. शिवाय पावसाळी दमट हवा थंड फरशीला लागून पाणी सुटते. तागाचे पोते ते शोषून घेते. दाण्यात ओल वाढली की बुरशी आणि कीड दोन्ही आलीच. यावर घरगुती उपाय म्हणजे पोत्याखालून हवा खेळती ठेवणारी लाकडी घडवंची.

माप : 50 किलोचे पोते आडवे ठेवल्यास साधारण 3 फूट लांब व 2 फूट रुंद जागा धरावी. म्हणून घडवंची 6 फूट लांब व 3 फूट रुंद करावी. एका थरात 3 पोती, चार थरांत 12 पोती, म्हणजे 6 क्विंटल धान्य बसते.

लाकूड : बांधावरची बाभूळ उत्तम. झाड तोडण्यापूर्वी परवानगी लागते का, याची चौकशी करावी. सालीलगतचे पांढरे लाकूड किडा पोखरतो, म्हणून ते काढून आतला तांबूस गाभाच घ्यावा. चिरलेले लाकूड सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, काही महिने वाळवावे. ओले लाकूड वापरले तर पुढे ते आकसते, सांधे ढिले होतात आणि भाराखाली घडवंची डुलते.

बांधणी : पाय सहा, 3 इंच चौरस, उंची 1 फूट, चार कोपऱ्यांना, दोन मध्ये. लांबीच्या दोन पट्ट्या 3 बाय 2 इंची घ्याव्यात आणि 3 इंचाची बाजू उभी ठेवून बसवाव्यात. तीच पट्टी आडवी टाकण्यापेक्षा उभी दीडपट भार पेलते. सांधे कुसू काढून, भोकात ठोकून करावेत; नुसत्या खिळ्यांवर भिस्त ठेवू नये. चौकट झाली की दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. दोन्ही सारखे, साधारण 6 फूट साडेआठ इंच भरले, तर चौकट गुण्यात आहे. वर 4 इंच रुंद, 1 इंच जाडीच्या 14 फळ्या, मध्ये सव्वा इंच फट ठेवून ठोकाव्यात. पायांच्या बुडाला डांबर लावून खाली दगडी फरशीचा तुकडा द्यावा, म्हणजे वाळवी लवकर चढत नाही आणि चढली तर दिसते. वरच्या फळ्यांना डांबर, जळके ऑईल किंवा कीटकनाशक मुळीच लावू नये. धान्य त्यावरच राहणार आहे.

ठेवण : घडवंची भिंतीपासून 1 फूट सोडून ठेवावी. एक फूट उंचीने उंदीर थांबत नाही, पण खाली झाडू फिरतो, मांजर शिरते, बीळ पडले तर नजरेस येते. धान्य उन्हात वाळवून, दाताखाली कट्कन फुटेल असे झाल्यावर, आणि पूर्ण निवल्यावरच भरावे. गरम धान्य पोत्यात घाम सोडते. ज्वारी-गव्हात ओल 12 टक्क्यांच्या आत असावी.

शेवटी कळकळीचे सांगणे. टोके दिसले की काही जण पोत्यात विषारी गोळ्या टाकतात आणि त्याच खोलीत मुलंबाळं झोपतात. त्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. झोपेतच माणूस दगावतो. राहत्या घरात ही गोळी कधीही आणू नका. टोके लागले तर धान्य पुन्हा उन्हात घाला, चाळा आणि कोरड्या पोत्यात भरा. चार फळ्या आणि सुताराची दोन दिवसांची मजुरी यात धान्यही वाचते आणि घरही.