हाताने रंगविलेल्या प्रतिकृती

घाटाच्या पायऱ्या, त्यांवर झुकलेला वड, दूर एखाद्या मशिदीचे मनोरे आणि अग्रभागी दोन-तीन वाटसरू: अशी जुन्या हिंदुस्थानची दृश्ये आज अनेक दिवाणखान्यांत आणि विश्रामगृहांत टांगलेली आढळतात. त्यांपैकी पुष्कळशी इंग्रजी अमदानीतील युरोपीय चित्रकारांच्या कामाच्या प्रतिकृती असतात. पाहणारा त्यांना त्या काळचा साक्षात पुरावा समजतो. या समजुतीत कितपत तथ्य आहे हे ठरविण्यासाठी मूळ चित्रे कशी तयार झाली ते प्रथम पाहिले पाहिजे.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध चित्रे टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांची होत. हे दोघे १७८६ मध्ये कलकत्त्यास आले. पुढील काही वर्षे त्यांनी उत्तर व दक्षिण हिंदुस्थानात प्रवास केला, आणि मायदेशी परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने १४४ चित्रे प्रसिद्ध केली. वास्तूंची प्रमाणे बिनचूक यावीत म्हणून ते कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाची पेटी वापरीत. भिंगातून आत आलेली प्रतिमा कागदावर पडे आणि तिच्या कडा पेन्सिलीने गिरविल्या जात.

छपाईची रीत अ‍ॅक्वाटिंटची होती. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापविला की राळेचे कण त्यास चिकटत. पत्रा अम्लात बुडविल्यावर कणांमधील जागा खाल्ल्या जात व तेथे शाई धरून राही. जो भाग फिका ठेवावयाचा त्यावर वेळीच रोगण फासून अम्ल अडवीत. गडद भाग पुनःपुन्हा अम्लात जाई. त्यामुळे जलरंगासारख्या मऊ छटा मिळत. शाई मात्र एक-दोन रंगांचीच असे. आकाशाची निळाई, झाडांची हिरवाई, वस्त्रांचे लाल-पिवळे रंग हे सर्व नंतर प्रत्येक पानावर कुंचल्याने भरावे लागत. रंगारी समोरच्या नमुन्यावरून काम करी, आणि लंडनमधील अशा रंगाऱ्याने हिंदुस्थान बहुधा पाहिलेला नसे. म्हणूनच एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन प्रतींतील संध्याकाळ तंतोतंत सारखी नसते. पुढे ग्रंथ सुटे करून पाने विकली जाऊ लागली, तेव्हा कित्येक बिनरंगी पानांवर मागाहून रंग चढविले गेले.

चित्र आणि वस्तू यांच्यामध्ये किती हात येतात याचे उत्तम उदाहरण पुण्यात सापडते. कंपनीचा पेशवे दरबारातील रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार कार्ले व वेरूळ येथील लेण्यांची चित्रे काढीत होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला आणि पुण्यास जाऊन तोही याच कामात पडला. १७९५ मध्ये वेल्स मरण पावला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली वेरूळची २४ चित्रे इंग्लंडमध्ये १८०३ च्या सुमारास निघाली. डॅनियलने स्वतः वेरूळ पाहिले नव्हते. त्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे, गंगारामाचे नाही. त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जतन केलेली आहेत.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध झालेल्या तहाच्या प्रसंगी पेशव्यांचा दरबार भरला. त्याचे भव्य तैलचित्र टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केले. त्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि मॅलेट दिसतात. पण दरबार भरला तेव्हा डॅनियल उत्तर हिंदुस्थानात होता, आणि ज्याच्या अभ्यासचित्रांवर हे काम आधारले तो वेल्स मुंबईस पोचलाही नव्हता. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाल्यामुळे पेशवाईच्या वैभवाची कल्पना करताना आपण अशा चित्रांवर विसंबतो. चेहरे आणि पेहराव यांबाबत ती बरीच उपयोगी पडतील; कोण कोठे बसले होते, याबाबत ती साक्ष अपुरी आहे.

चित्रांत काय आले याबरोबरच काय आले नाही, याचाही विचार केला पाहिजे. रायपूरच्या रहिवाशाने ‘ओरिएंटल सीनरी’ची १४४ पाने उलटली, तरी त्यांत त्याला आपले शहर सापडणार नाही, राजीम नाही, सिरपूरही नाही. डॅनियल गंगेच्या जलमार्गाने, कंपनीच्या ठाण्यांच्या आणि फौजांच्या आश्रयाने हिंडले. छत्तीसगड त्या वेळी नागपूरकर भोसल्यांकडे होते. रतनपुरास १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांचा कारभार होता. सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर त्या आधी हजारांहून अधिक वर्षे उभे होते. ते या संग्रहात नाही याचे कारण प्रवासाच्या मार्गात शोधावे लागते, मंदिराच्या योग्यतेत नव्हे.

तेव्हा आजच्या प्रतिकृतिकाराकडून दोन अपेक्षा ठेवणे रास्त ठरेल. पहिली, चित्राच्या मागे मूळ चित्रकाराचे नाव, मूळ साल, आपण छापील प्रतीवरून काम केले की मूळ चित्रावरून, आणि स्वतःचे नाव व तारीख त्याने लिहावी. रंग बदलले असतील तर तेही नोंदवावे. दुसरी, जुन्या संग्रहांत ज्या स्थळांना जागा मिळाली नाही त्यांच्यासमोर त्याने स्वतः जाऊन बसावे. सिरपूर रायपूरहून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तेथे काढलेले चित्र कोणाचीही प्रतिकृती असणार नाही, आणि पुढे कोणी त्याची प्रतिकृती केली, तर मागच्या बाजूस लिहावयाचे पहिले नाव तरी गहाळ होणार नाही.