वाटेंत पेट्रोल गळूं लागल्यास

गेल्या हंगामांत विजयदुर्गाकडून आंब्याच्या पेट्या घेऊन आम्ही आमच्या जुन्या मोटारीनें कोल्हापुरास निघालों होतों. तळेऱ्यास चहासाठीं थांबलों, तों पेट्रोलचा उग्र वास आला. पुढें करूळ घाटाची चढण; तापलेल्या सायलेन्सरवर गळतें पेट्रोल पडलें असतें तर पेट्यांसह गाडी जळाली असती.

वांकून पाहण्यासाठीं एक गृहस्थ काडी ओढूं लागले. त्यांचा हात आम्हीं धरला. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत पसरते, व दूरची ठिणगीही तिला पुरते. एंजिन निवूं दिलें, नळ्या कोरड्या पुसल्या आणि गाडीखालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरलीं. थेंब नळीवरून ओघळून भलतीकडेच पडतो. म्हणून डागावर विसंबूं नये, ओल वर जेथें संपते तेथें गळतीचें मूळ शोधावें. आमच्या गाडींत पंपाजवळील रबरी नळी क्लिपेखालीं चिरली होती. नळी सुदैवानें लांब होती. चिरलेलें टोंक कापून तीच घट्ट बसविली व कोल्हापुरास नवी घातली.

नवी घेतांना ती इथेनॉल सोसणारी आहे ना, हें विचारावें. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. त्यांत आपल्या उसाचाही वाटा आहेच, पण जुनें रबर त्यानें लवकर बिघडतें. टांकीस बारीक छिद्र पडल्यास कपडे धुण्याचा साबण दाबून बसविला असतां गांव गांठण्यापुरती गळती थांबते. डाग मात्र घरीं देऊं नये. रिकाम्या टांकींतही वाफ उरते.