इंचभर उंचीचे सैनिक आणि इतिहासाची कसोटी

लंडनमधील नॅशनल आर्मी म्युझियम या संग्रहालयात वॉटर्लूच्या रणांगणाची एक भव्य प्रतिकृती जतन करण्यात आली आहे. १८ जून १८१५ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास कोणते सैन्य कोठे होते, हे तीत ७० हजारांहून अधिक चिमुकल्या रंगीत सैनिकांद्वारे दाखविले आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम सायबोर्न यांनी घडविलेली ही प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाली.

या प्रतिकृतीवरून मोठा वाद झाला. प्रशियाचे सैन्य त्या घटकेला कोठवर पोहोचले होते, हा वादाचा मुद्दा होता. विजयाचे श्रेय कोणाकडे किती जाते, हे त्या उत्तरावर अवलंबून होते. ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना सायबोर्न यांची मांडणी मान्य नव्हती. अखेर सायबोर्न यांनी प्रशियाचे अनेक सैनिक प्रतिकृतीवरून काढून टाकले.

ऐतिहासिक युद्धखेळासाठी छोटे सैनिक रंगविणाऱ्या छंदिष्टांपुढे आजही हाच प्रश्न लहान प्रमाणात उभा असतो. सैनिकाच्या अंगावरील रंग आणि त्याच्या पायाखालील जमीन ही केवळ सजावट नसते; ते इतिहासाविषयीचे विधान असते.

छंदाची वाटचाल

खेळण्यातील सैनिकांनी नियमबद्ध लढाई खेळण्याची कल्पना लोकप्रिय करण्याचे श्रेय विज्ञानकथा लेखक एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ या १९१३ मधील पुस्तकाला दिले जाते. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये हा छंद प्रौढांमध्ये रुजला.

सैनिकांचा आकार मिलिमीटरमध्ये सांगितला जातो. २८, १५ आणि ६ मिलिमीटर ही मापे विशेष प्रचलित आहेत. पूर्वी हे सैनिक शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. आता शिसेविरहित मिश्रधातू, टणक प्लॅस्टिक आणि रेझिन यांचाही वापर होतो.

रंगकामाची पद्धत

प्रथम साच्याच्या जोडाची रेघ घासून काढली जाते आणि सैनिक साबणाच्या पाण्याने धुऊन वाळविला जातो. त्यावर काळ्या, पांढऱ्या किंवा करड्या प्रायमरचा हात दिल्यानंतर अॅक्रिलिक रंगांचे मूळ थर चढविले जातात. मग अतिशय पातळ केलेला गडद रंग सोडला जातो. तो कपड्यांच्या चुण्यांत उतरतो आणि तेथे सावली निर्माण होते. रंग जवळजवळ पुसून घेतलेला कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरविला, की त्या कडा उजळतात. शेवटी चमक नसलेले व्हार्निश दिले जाते, कारण खेळताना सैनिक वारंवार हाताळले जातात.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. एवढ्या लहान वस्तूवर प्रकाश नैसर्गिक आकाराप्रमाणे खेळत नाही. त्यामुळे मूळ कापडाचा रंग तंतोतंत वापरल्यास सैनिक हातभर अंतरावरून काळपट दिसतो. म्हणूनच अनेक जण मुद्दाम किंचित उजळ छटा निवडतात.

बैठकीचे महत्त्व

सैनिक ज्या चपट्या तुकड्यावर चिकटविला जातो, त्याला बैठक म्हणता येईल. बैठकीवर पांढरा गोंद लावून वाळू पसरली जाते. ती तपकिरी रंगवून, कोरड्या कुंचल्याने उजळून, त्यावर कृत्रिम गवत चिकटविले जाते. दिवाळीतील किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगविणाऱ्या महाराष्ट्रातील मुलांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही.

बैठकीला खेळात नेमका अर्थही असतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या प्राचीन व मध्ययुगीन लढायांच्या नियमावलीत प्रत्येक सैन्य १२ बैठकांचे असते. १५ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी बैठकीची रुंदी ४० मिलिमीटर ठरलेली आहे. एका बैठकीवर चार भालाईत असतील तर ते दाटीने लढणारे पायदळ, आणि दोनच पायदळ सैनिक असतील तर ती विखुरलेली हलकी तुकडी, हे खेळाडूला पाहताक्षणी समजते.

पुरावा कोठे संपतो?

वॉटर्लूच्या काळातील ब्रिटिश पायदळाचा कोट लाल होता, हे सर्वज्ञात आहे. मात्र साध्या शिपायाचे कापड मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून रंगविलेले, विटकरी झाक असलेले असे, तर अधिकाऱ्यांचा कोट अधिक तेजस्वी लाल असे. कॉलर आणि बाह्यांच्या टोकांच्या रंगावरून पलटण ओळखता येई. तथापि नियमपुस्तकातील गणवेश आणि दीर्घ मोहिमेवरील वेष यांत अंतर पडत असे. ठिगळे लागत, रंग विटत, विजारी बदलल्या जात. संचलनातील सैनिक रंगवावा की चिखलातून आलेला, हा निर्णय रंगविणाऱ्याचा असतो.

पुरावा जेथे तोकडा असतो, तेथे ही जबाबदारी वाढते. हेच वेलिंग्टन, तेव्हाचे आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त सैन्याशी लढले. हा सामनाही युद्धखेळात मांडला जातो. ब्रिटिश पलटणींच्या गणवेशाची माहिती विपुल आहे. शिंद्यांच्या युरोपीय पद्धतीने शिकविलेल्या पायदळाच्या पोशाखाचे तपशील त्या मानाने तुटपुंजे आहेत. अशा वेळी सर्वांना एकसारखा झळझळीत गणवेश चढविणे सोपे असते. पण पाहणारा तोच इतिहास समजून बसण्याची शक्यता असते.

घ्यावयाची काळजी

जुने शिशाचे सैनिक घासताना निघणारी धूळ विषारी असते. त्यामुळे ओल्या कागदाने घासणे, मुखपट्टी वापरणे आणि नंतर हात धुणे आवश्यक आहे. फवारणीचा प्रायमर मोकळ्या हवेतच वापरावा. कुंचल्याचे टोक ओठांनी जुळविण्याची सवयही टाळावी.

अनेक छंदिष्ट बैठकीच्या तळाशी पलटणीचे नाव लिहून ठेवतात. त्याच्या शेजारी आधार कोणता आणि अंदाज कोणता, एवढे नोंदविले, तर पुढे ते सैनिक हाती घेणाऱ्याला माहिती आणि कल्पना यांतील सीमारेषा कळू शकेल.